रेसिफेची बाळं: झिका, गर्भारपण आणि 'किरकोळ' ठरलेला ताप

२०१५चा ऑगस्ट. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचं रेसिफे शहर. तिथल्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या मेंदूविकारांवर काम करणाऱ्या डॉ. वानेसा व्हान डर लिंडेन यांच्यासमोर जुळ्यांची एक जोडी आली. एक बाळ ठणठणीत होतं आणि दुसऱ्याचं डोकं फारच लहान. पुढच्या काही आठवड्यांत तशीच आणखी बाळं येऊ लागली. कपाळ भुवयांपासून थेट मागे उतरलेलं, टाळू जवळजवळ मिटलेली आणि डोक्याच्या कातडीला वळ्या पडलेल्या, जणू कातडी मोठ्या डोक्याच्या मापाने शिवली होती आणि आतलं हाड मध्येच खचलं.

लहान डोक्याचं बाळ आमच्या व्यवसायात नवलाचं नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे. वर्षाकाठी असं एखादं मूल माझ्याकडेही येतं. कारणंही ठरलेली असतात: जनुकातला दोष, सायटोमेगॅलो विषाणू, टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, आईचं दारूचं व्यसन. आपण एकेक कारण तपासत जातो आणि बहुतेक वेळा कुठेतरी उत्तर सापडतं. रेसिफेत ते सापडेना. नेहमीच्या सगळ्या तपासण्या नकारार्थी येत होत्या, आणि सीटी स्कॅनवर दिसणारं चित्रही ओळखीचं नव्हतं.

हे चित्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथून उलगडलं. सायटोमेगॅलो विषाणूमुळे मेंदूत कॅल्शियमचे पांढरे ठिपके पडतात. ते मेंदूच्या आतल्या पोकळ्यांना लागून, त्यांच्या कडेकडेने बसलेले असतात. रेसिफेच्या बाळांमध्ये ठिपके होते, पण जागा वेगळी होती. मेंदूचा बाहेरचा करडा थर जिथे संपतो आणि आतला पांढरा भाग सुरू होतो, नेमक्या त्या सीमेवर ते ओळीने पसरले होते. वरचा थर पातळ, अक्रोडासारख्या घड्या जवळपास पुसलेल्या, आतल्या पोकळ्या फुगलेल्या. एवढं पाहून अनुभवी डॉक्टरच्या मनात शंका येते की हे आपल्या यादीतलं नाही.

मग एक फोन आला. वानेसांच्या आई, डॉ. आना व्हान डर लिंडेन, याही बालमेंदूविकारतज्ज्ञ, शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात काम करणाऱ्या. त्यांनी लेकीला सांगितलं की आज एकाच दिवसात आपण अशी सात बाळं पाहिली. मायलेकींनी आपापल्या वॉर्डांतल्या नोंदी एकत्र मांडल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. इथे मला थांबून सांगावंसं वाटतं: या दोघींपैकी कुणी नवं यंत्र वापरलं नव्हतं. एका टेपने डोकी मोजली, बाळं मोजली आणि एकमेकींना विचारलं. आयांनाही विचारलं: गरोदरपणात काही झालं होतं का? बऱ्याच जणी आठवून सांगू लागल्या, हो, पहिल्या तीन-चार महिन्यांत अंगावर पुरळ आलं होतं, खाज होती, दोन दिवसांत गेलं.

त्या वर्षीचं पुरळ

२०१५च्या सुरुवातीपासून ब्राझीलच्या ईशान्य भागात पुरळ येणाऱ्या एका तापाची साथ होती. बारीक ताप किंवा ताप नाहीच, अंगभर लालसर पुरळ, लाल डोळे, सांध्यांत थोडी कळ. दवाखाने भरले होते, माणसं मात्र दगावत नव्हती. एप्रिलमध्ये बाईया राज्यातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तात झिका विषाणू शोधला आणि मे महिन्यात देशाच्या आरोग्य मंत्रालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. झिका डासामुळे पसरतो. त्याच डासामुळे होणाऱ्या डेंग्यूने माणसं मरत होती, त्यामुळे झिका कुणाच्या खिजगणतीत नव्हता. सरकारचा सूर हाच होता, डॉक्टरांचाही आणि पाठ्यपुस्तकांचाही: हा किरकोळ आजार आहे.

पाठ्यपुस्तकांना दोष देण्यात अर्थ नाही. युगांडातल्या झिका जंगलात पिवळ्या तापाच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात १९४७ साली हा विषाणू पहिल्यांदा सापडला. पुढची साठ वर्षं माणसांतले तुरळक रुग्णच नोंदले गेले. २००७ साली प्रशांत महासागरातल्या याप बेटावर पहिली मोठी साथ आली. तिथे लागण झालेल्या दर पाच जणांपैकी साधारण चौघांना काही जाणवलंही नव्हतं. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात साथ आली. या सगळ्या काळात 'किरकोळ' हा शब्द ताप आलेल्या माणसाकडे बघून ठरवला गेला. त्या माणसाच्या पोटात दुसरं माणूस असेल तर काय, हा प्रश्न विचारायला लागतील एवढ्या गरोदर बायका एकत्र आजारी पडलेल्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. ब्राझीलमध्ये त्या पडल्या, आणि नऊ महिन्यांनी हिशेब समोर आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुरळ, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाळंतपणं. रेसिफेतले डॉ. कार्लुस ब्रितो वर्षभर हे पुरळाचे रुग्ण बघत होते. बाळांबद्दल कळताच त्यांनी ही दोन टोकं जुळवली आणि झिकाचं नाव घेतलं.

शंकेपासून पुराव्यापर्यंत

शेजारच्या पराइबा राज्यातल्या काम्पिना ग्रांदे या गावी डॉ. आद्रियाना मेलो गर्भातल्या बाळांच्या सोनोग्राफी करत होत्या. त्यांच्याकडच्या दोन गरोदर बायकांच्या बाळांची डोकी वाढत नव्हती आणि दोघींनाही आधी पुरळ येऊन गेलं होतं. मेलोंनी पोटातून सुईने गर्भजल काढलं आणि रिओच्या फिओक्रूझ या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडे पाठवलं. १७ नोव्हेंबर २०१५ ला निकाल जाहीर झाला: दोन्ही नमुन्यांत झिकाचा जनुकीय अंश होता. त्याच बायकांच्या रक्तात आणि लघवीत मात्र तो सापडला नाही. आईच्या शरीराने विषाणू कधीच धुऊन काढला होता आणि बाळाभोवतीच्या पाण्यात तो मुक्काम ठोकून होता. गरोदर बाईचं रक्त महिन्या-दोन महिन्यांनी तपासून 'काही नाही' असा कागद हातात पडला, तर तो किती विश्वासाचा, हे या एका निकालाने कळतं.

त्याआधीच, ११ नोव्हेंबरला, ब्राझीलने राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. महिनाअखेर सेआरा राज्यात जन्मून दगावलेल्या एका बाळाच्या ऊतींत झिका सापडला आणि सरकारने संबंध मान्य केला. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी पुकारली. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सगळे पुरावे तपासून सांगितलं की झिका हेच कारण आहे. फ्रेंच पॉलिनेशियानेही आपल्या जुन्या वह्या पुन्हा उघडल्या आणि तिथेही साथीच्या पाठोपाठ लहान डोक्याची बाळं नोंदलेली निघाली. विखुरलेली चार-दोन बाळं होती, म्हणून तेव्हा कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

सर्वांत भक्कम काम रेसिफेतच उभं राहिलं. फिओक्रूझच्या साथरोगतज्ज्ञ डॉ. सेलिना तुर्ची यांच्या गटाने लहान डोक्याची ९१ बाळं आणि तुलनेसाठी १७३ निरोगी बाळं घेतली. पहिल्या गटातल्या ३२ बाळांत प्रयोगशाळेत झिका सिद्ध झाला आणि दुसऱ्या गटात एकाही बाळात नाही. त्याच अभ्यासाने आणखी एक काम केलं, ज्याचं मोल मला तितकंच वाटतं. तोवर गावोगावी बोललं जात होतं की पाण्यात टाकलेल्या पायरिप्रॉक्सिफेन या अळीनाशकामुळे किंवा गरोदरपणातल्या लशींमुळे हे झालं. अभ्यासात दोन्हींचा संबंध दिसला नाही. खुद्द रेसिफे शहरात तर ते अळीनाशक वापरातच नव्हतं, तरी बाळं तिथेच सर्वाधिक होती. अफवा पसरवणाऱ्यांवर चिडून उपयोग नसतो. ज्या आईच्या मांडीवर असं बाळ आहे तिला कारण हवं असतं, आणि खरं उत्तर यायला उशीर झाला की ती मिळेल ते धरते. तुर्चींच्या गटाने त्या आयांना खरं उत्तर दिलं.

विषाणू आत काय करतो

बाळाचा मेंदू पहिल्या तीन-चार महिन्यांत अक्षरशः विणला जात असतो. आतल्या पोकळ्यांच्या काठावर मूळ पेशी असतात. त्या दुणावतात आणि त्यांच्यापासून झालेल्या नव्या पेशी बाहेरच्या थराकडे चालत जाऊन जागा घेतात. झिका वार (प्लासेंटा) ओलांडून आत पोचला की नेमक्या याच मूळ पेशींना धरतो. त्या मरतात, थर भरत नाही. कवटी स्वतःहून वाढत नसते, ती मेंदूच्या मागे मागे वाढते. मेंदू थांबला की कवटी थांबते, आणि आधी वाढलेला मेंदू नंतर आक्रसला तर कवटी आत खचते. कातडीच्या त्या वळ्यांचा अर्थ हाच.

डोकं ही फक्त बाहेरून दिसणारी खूण. डोळ्याच्या पडद्यावर व्रण, ऐकण्यातला दोष, हातापायांचे सांधे आखडलेले, पाऊल आत वळलेलं, स्नायू ताठर, पुढे आकड्या, गिळता न येणं. या सगळ्याला मिळून जन्मजात झिका लक्षणसमूह म्हणतात. लागण झालेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या बाळाला हे होत नाही, हेही ठळक सांगायला हवं. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटांवर लागण सिद्ध झालेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवली गेली, तेव्हा सुमारे ५ टक्के बाळांत दोष दिसला. लागण पहिल्या तिमाहीत असेल तर ८ टक्के. म्हणजे बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. पण आजार हजारो बायकांना एकदम होतो तेव्हा ५ टक्के ही छोटी संख्या राहत नाही. आख्ख्या ब्राझीलमध्ये २०१४ साली लहान डोक्याच्या १४७ बाळांची नोंद होती. या साथीनंतर झिकाबाधित म्हणून नक्की झालेल्या मुलांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली.

टेपचा प्रश्न

या प्रकरणातला मला सर्वांत अवघड वाटलेला भाग डोक्याच्या घेराचा. टेप समोर भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून जायला हवी. ती अर्धा सेंटिमीटर वर-खाली सरकली की निदान बदलतं. साथीच्या सुरुवातीला ब्राझीलने मर्यादा ३३ सेंटिमीटर ठेवली, म्हणजे तेवढं किंवा त्याहून कमी असेल तर संशयित. या मापात कितीतरी निरोगी, नुसती लहानखुरी बाळं अडकली. हजारो घरांत भीती शिरली. डिसेंबरमध्ये मर्यादा ३२वर आली आणि पुढच्या वर्षी मुलांसाठी ३१.९ आणि मुलींसाठी ३१.५. पहिल्यांदा नोंदलेल्या बाळांपैकी बरीच नंतर यादीतून गळली. काहींनी त्यावरून म्हटलं की साथ फुगवून सांगितली. मला ते पटत नाही. काय शोधतोय हे माहीत नसताना जाळं मोठंच टाकावं लागतं.

आणि जाळं आवळल्यावर काय सुटतं, तेही लवकरच दिसलं. २०१६च्या अखेरीस पेर्नाम्बुको (रेसिफे याच राज्यात आहे) आणि सेआरा राज्यांतल्या १३ बाळांचा वृत्तांत आला. जन्मतः त्यांच्या डोक्याचा घेर मर्यादेत होता, पण गर्भात झिकाची लागण झालेली होती. स्कॅनमध्ये मेंदूत तेच ठिपके, त्याच पोकळ्या. पुढच्या महिन्यांत डोक्याची वाढ मंदावली आणि त्यांपैकी ११ बाळांची डोकी नंतर लहान ठरली. जन्माच्या दिवशीचं एक माप पुरत नाही, हे या १३ बाळांमुळे सगळ्या जगाला कळलं. सोनोग्राफीचंही तसंच. पाचव्या महिन्यातली दोष शोधायची सोनोग्राफी व्यवस्थित निघते आणि डोकं लहान राहतंय हे सातव्या-आठव्या महिन्यात उमगतं. म्हणूनच लागण झालेल्या बाईची सोनोग्राफी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा करावी लागते.

पाणी

झिका पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ब्राझीलच्या ईशान्य भागात २०१२पासून दुष्काळ होता. काम्पिना ग्रांदेत पाणीकपात चालू होती. ज्यांच्या नळाला रोज पाणी नाही ते पिंपं, बादल्या, टाक्या भरून ठेवणारच. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. रेसिफेत बाधित बाळं सर्वाधिक कुठल्या वस्त्यांत जन्मली, तर गरीब वस्त्यांत. ज्यांच्या घराला जाळ्या आणि वातानुकूलन होतं, त्यांच्याकडे फार कमी. डास आपणहून गरीब-श्रीमंत बघत नाही, पण पाणी पोचवणारी व्यवस्था बघते. 'पाणी साठवू नका' असं त्या बायांना सांगणारी पत्रकं मी पाहिली तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आणीबाणी संपल्यावर

१८ नोव्हेंबर २०१६ ला आंतरराष्ट्रीय आणीबाणी उठली. रिओचं ऑलिंपिक उरकलं होतं, साथ ओसरली होती, कॅमेरे निघून गेले. मुलं होती तिथेच होती. दर आठवड्याला फिजिओथेरपी, डोळ्यांचा डॉक्टर, आकड्यांची औषधं, गिळता न आल्याने छातीत जाणारं दूध, काहींना पोटातून नळीने अन्न. पुढे कुल्ल्याचे सांधे निखळणं आणि त्यांच्या शस्त्रक्रिया. दूरच्या गावांतून आया पहाटे बसने रेसिफेला येत, दिवसभर एका दारातून दुसऱ्या दारात फिरत आणि रात्री परत जात. कितीतरी घरांतून बाप निघून गेला. नोकरी सुटली ती आईचीच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की या मुलांचा पहिल्या तीन वर्षांत मृत्यू होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या सुमारे ११ पट आहे.

रेसिफेतल्या आया एकत्र आल्या. त्यांच्या संघटनेचं नाव 'देवदूतांच्या आयांचा संघ' अशा अर्थाचं आहे. आधी त्यांना किमान वेतनाएवढा भत्ता मिळे, पण घरातलं उत्पन्न अगदी कमी असेल तरच. म्हणजे आईने थोडं काम करून चार पैसे जोडले की भत्ता बंद. २०२०च्या कायद्याने २०१५ ते २०१९ दरम्यान जन्मलेल्या बाधित मुलांना आजन्म निवृत्तिवेतन दिलं, तेही किमान वेतनाएवढंच, आणि आधीचा भत्ता सोडण्याच्या अटीवर. आया भांडत राहिल्या. संसदेने मंजूर केलेल्या नव्या विधेयकावर २०२५च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, तो जूनमध्ये संसदेने उलटवला आणि जुलैत कायदा झाला: प्रत्येक मुलाला एकरकमी ५० हजार रेआल भरपाई आणि दरमहा सामाजिक सुरक्षेतल्या कमाल रकमेएवढं निवृत्तिवेतन. पहिल्या बाळापासून या कायद्यापर्यंत दहा वर्षं गेली. तोवर त्यांतली काही मुलं उरली नव्हती.

आपल्याकडे

झिका आपल्याला अगदीच परका नाही. पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्याच काळात देशातल्या लोकांच्या रक्ताची पाहणी केली होती, तेव्हाही काही नमुन्यांत झिकाविरोधी प्रतिपिंडं दिसली होती. २०१७ साली अहमदाबादचे रुग्ण जाहीर झाले, २०१८ साली जयपूरला साथ आली. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यापासून सुरुवात झाली आणि पावसाळाभर रुग्ण निघत राहिले, त्यांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. ३ जुलैला केंद्राने राज्यांना कळवलं की गरोदर बायकांची तपासणी करा आणि लागण झालेल्यांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा. रेसिफेसारखा बाळांचा लोंढा आपल्याकडे आला नाही.

झिकावर लस नाही आणि खास औषधही नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. पीसीआर तपासणीसाठी रक्त लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात आणि लघवी दोन आठवड्यांच्या आत. उशीर झाला की प्रतिपिंडांवर अवलंबून राहावं लागतं, आणि ती डेंग्यूच्या प्रतिपिंडांशी गल्लत करतात. एक गोष्ट आपल्याकडे संकोचापोटी सांगितली जात नाही, म्हणून इथे सरळ लिहिते: झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. नवऱ्याला लागण झाली असेल आणि बायको गरोदर असेल, तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरायचा. मूल हवं असेल तर पुरुषाने लक्षणांनंतर किमान तीन महिने आणि बाईने दोन महिने थांबायचं.

त्या पावसाळ्यानंतर माझ्या बाळांच्या कागदावर मी एक ओळ वाढवली: गरोदरपणात अंगावर पुरळ? कितवा महिना? पुढच्या वर्षी, दीड महिन्याच्या लशीला आलेल्या एका आईला मी हे विचारलं. ती म्हणाली, "नाही मॅडम, काहीच नव्हतं." शेजारी दुपट्याची घडी घालत बसलेल्या सासूबाई थांबल्या. "अगं, नागपंचमीच्या आसपास नव्हतं का उठलं अंगावर? हातांवर, पोटावर. आपण घामोळं म्हणालो आणि चंदन लावलं." सून आठवू लागली. ताप? नाही. डोळे लाल? "थोडे होते बहुतेक." आता रक्तात काही सापडायची वेळ निघून गेली होती. मी बाळाची टोपी काढली, टेप भुवयांच्या वरून मागे नेली, तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकच आकडा आला आणि तो वयाला शोभणारा होता. डोक्याचा स्कॅन आणि डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली, घेराच्या तक्त्यावर ठिपका दिला. "पुढच्या महिन्यात लशीला याल तेव्हा पुन्हा मोजू," मी म्हटलं. सासूबाईंनी तारीख विचारून ती आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतली.